फ्लोराइटच्या गौरी

"पोरीच्याच हातात दे तबक. तशीही ही दिवसभरात चार शब्द बोलते, तेही फोनशी."

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती आणि मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. मला राग यायला हवा होता. पण घरातल्या कुठल्याही कामासाठी माझी अशी एकमतानं निवड पहिल्यांदाच होत होती, म्हणून मी सरळ आत जाऊन तबक उचललं.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे आणि त्यांनाच गौरी म्हणून पुजायचं. आणणाऱ्या मुलीनं तोंडात पाणी धरायचं आणि खडे घरात येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बोललं तर गौर रुसते. (गौरीचं नक्की माहीत नाही, पण आत्या रुसते. फार पूर्वी एक काकू वाटेत शिंकली होती, तिचा विषय अजून दर वर्षी निघतो.)

आमच्या या शहरी सुदामा नगरात पाणवठा म्हणजे आमच्या अंगणातला नळ. त्याच्याखाली आदल्या दिवशी बाबांनी खडे आणून ठेवायचे, ही आमची पद्धत.

तर मी गाल फुगवून, तबक सांभाळत, नळापाशी गेले. खाली वाकले. आणि वाकलेलीच राहिले.

नळाखाली माझे फ्लोराइट होते!

आता हे सांगायला हवं. मी स्फटिक जमवते. त्यातही फ्लोराइट, आणि तेही जुन्या खाणींतले. माझ्या मैत्रिणी कानातले जमवतात, मी दगड जमवते, आणि आम्ही एकमेकींची काळजी करतो. नळाखालच्या सातांपैकी सहा जांभळे, गुजरातेतल्या आंबाडोंगरच्या खाणीकडचे. सातवा मात्र माझा जीव की प्राण! इंग्लंडमधल्या एका शिशाच्या खाणीतला हिरवागार स्फटिक, एकमेकांत घुसलेले दोन चौकोनी ठोकळे, काचेसारखे. तिकडच्या एका आजोबांशी दीड वर्ष ईमेलवर बोलून तो मी मिळवला होता. (ईमेलवर मी फार बोलकी आहे.) आजोबांनी पाठवताना लिहिलं होतं, खाण पाण्याखाली गेली, आता असा दुसरा निघणार नाही, जप.

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बाबा उभे होते आणि मला कौतुकानं अंगठा दाखवत होते.

"अंम्म्!" मी म्हणाले.

"बोलू नकोस!" आत्या दारातून ओरडली.

"अंम्म् अंम्म्!" मी भुवयांनी फ्लोराइट हा शब्द सांगायचा प्रयत्न केला. तो भुवयांनी सांगता येत नाही.

"बघ वहिनी, पोरीचे डोळे भरून आले. इंग्लिश मीडियमची असली तरी श्रद्धा आहे हो!"

त्या श्रद्धेसकट मी घरात आले. गौरी पाटावर बसल्या, हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या. मग कुठे मला बोलायची परवानगी मिळाली.

"बाबा! ते माझे..."

"अगं टेंशन नको घेऊ," बाबा म्हणाले. "काल पूरा सुदामा नगर फिरलो, एक खडा नाही मिळाला. इतका साफ शहर! शेवटी तुझ्या पलंगाखालच्या डब्यातून घेतले. अन् बघ, चांगले चांगले छाटून घेतले!"

त्यात शंकाच नव्हती. डब्यात चाळीस दगड होते. त्यातले नेमके सर्वोत्तम सात बाबांनी उचलले होते. इतका जाणकार माणूस आमच्या घरात राहतो हे मला त्या दिवशी कळलं.

आईनं मला बाजूला घेतलं. "विसर्जन परवा, आपल्याच बादलीत करायचं. नंतर हळूच काढून घे. तोवर बोलू नकोस, आत्याला कळलं तर तमाशा होईल."

म्हणजे मला फक्त गप्प बसायचं होतं! इतकं सोपं काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला शेजारच्या चौहान आंटी आल्या. त्यांनी हात जोडले, आणि आंटींना नीट दिसावं म्हणून आत्यानं खिडकीचा पडदा सरकवला. दुपारचं ऊन सरळ पाटावर आलं.

"अरे! माताजी का रंग बदल गया!"

हिरवी गौर निळी झाली होती.

आत्यानं पडदा ओढला. हिरवी. सरकवला. निळी! पुन्हा ओढला. आई माझ्याकडे बघू लागली, मी छताकडे.

त्या खाणीतल्या फ्लोराइटचं हेच तर वैशिष्ट्य. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निळा चमकतो. एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. मी घसा साफ केला, सगळं धैर्य गोळा केलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "आंटी, वो... कैल्शियम फ्लोराइड है."

"कैल्शियम!" आंटींनी गुडघा दाबून पाहिला. "तभी मैं कहूँ, हाथ जोड़ते ही घुटने को आराम कैसे लगा!"

संध्याकाळपर्यंत चपलांची रांग फाटकापर्यंत गेली. एका काकूंनी मुलाची मार्कशीट पाटाला टेकवली. एकीनं नातवाला आणलं, तो जेवत नव्हता. (प्रसादाचे सहा पेढे मात्र त्यानं खाल्ले.) आत्यानं सासरी, देपालपूरला फोन लावला, आणि तिच्या दोन नणंदा मिळेल त्या गाडीनं येऊन थडकल्या. आत्या स्वतः पडद्यापाशी उभी. पाच-पाच जणी आत सोडायच्या, पडदा सरकवायचा, जयजयकार झाला की ओढायचा. ऊन कलल्यावर तिनं जाहीर केलं, "आता माताजी आराम करणार, बाकीच्यांनी उद्या या."

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच बादली घासून ठेवली.

"बादली?" आत्या कडाडली. "इतक्या जागृत गौरी काय बादलीत बुडवायच्या? शेजारच्या चौहान भियाशी बोलणं झालंय. ढोल सांगितलाय. तलावावर नाव ठरवली आहे. मधोमध नेऊन सोडू, जिथे सर्वात खोल पाणी आहे तिथे!"

एक खाण तर पाण्याखाली गेलीच होती. आता तिचा शेवटचा तुकडाही जाणार होता, आणि तोही वाजतगाजत.

"आई, काहीतरी बोल ना!"

"मी बोलले तर ती मला जन्मभर ऐकवेल. दगड तुझे, तू बोल."

"बाबा!"

बाबा फाटकाबाहेर जाऊन ढोलवाल्यांना चहा देऊ लागले.

मी खोलीत जाऊन भाषण तयार केलं. मी एमएससी केमिस्ट्री, मला काय कठीण? अतिनील किरण, इलेक्ट्रॉन, खनिजाची रचना. मुद्दे हातावर पेनानं लिहिले. मग अंगणात आले. फुलांनी सजवलेली गाडी, चाळीसेक बायका, मधोमध आत्या आणि तिच्या हातात तबक. तबकात माझा हिरवा जीव उन्हात निळा होऊन, कपाळावर कुंकू लावून, बुडायला तयार!

ढोल चहासाठी थांबले होते. हीच वेळ. मी तळहात उघडला. घामानं सगळे इलेक्ट्रॉन पुसले गेले होते.

"काय गं?" आत्यानं विचारलं.

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. चौहान आंटींनी गुडघ्यावरचा हात काढला. विज्ञान माझ्या जिभेच्या टोकाशी आलं, त्यानं त्या चाळीस बायकांकडे एकदा पाहिलं आणि ते परत गेलं. आणि मग मी, घरातली एकुलती एक एमएससी, आयुष्यात पहिल्यांदा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"आत्या, थांब! गौर काल माझ्या स्वप्नात आली होती. म्हणाली, मला पाण्यात सोडू नका, कापसात गुंडाळून या पोरीकडेच ठेवा. आणि सारखं सारखं उन्हात धरू नका गं, माझा रंग उडतो!"