म्युझियममधला एकटा बैल आणि आमची जोडी

नेसरीहून कोल्हापूर लांब नाही, पण मला निघायला निमित्त लागतं. या वेळी ते माझ्या नातीनं, शरूनं काढलं. शरूची आई, म्हणजे माझी लेक सुनंदा, जाऊन तीन वर्षं झाली. जावयांनी यंदा दुसरं लग्न केलं, नोकरी बेंगळुरूला लागली, आणि शरू तिकडं निघाली. नवी बाई मायाळू आहे, माझं काही म्हणणं नाही. तर शरूचा फोन आला, "आज्जी, रविवारी म्युझियममध्ये मातीकाम हाय, घरच्या माणसाबरोबर जायचं असतंय. तू ये की."

सकाळची यष्टी धरली. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकी अख्खी. गडहिंग्लजला चहा घेऊन टाका, पुढं हायवेला डोळा लागतो. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, अंबाबाईला काय?" म्हटलं, "न्हाय, म्युझियमला." तो म्हणाला, "तिथं काय हाय?" "माझी नात हाय."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या घरनं शरूला घेतलं आणि रिक्षा केली. म्युझियमात आधी एक ताई फिरवून सगळं दाखवते. मी चौथी शिकलेली, पाट्या वाचत बसले तर संध्याकाळ व्हायची, पण ताई गोष्टीसारखं सांगते. मणी, खापरं, नाणी बघून मी खुळी झाले. मग एका काचेत मातीचा बैल दिसला. बोटाएवढा, एक कान तुटका. जुन्या वस्तीच्या खोदाईत निघालेला. माझा हात आपसूक कमरेच्या पिशवीत गेला आणि मी काचेला कुंकू लावलं.

"आज्जी, काचेला न्हाय लावायचं," पहारेकरी म्हणाला.

"मग उघडा, बैलाला लावते."

तो हसला आणि त्यानं स्वतःच ते पुसून काढलं. मी ताईला विचारलं, "ह्याचा जोडीदार कुठाय?"

"सापडला नाही, आज्जी. एकटाच मिळाला."

आमच्यात बेंदराला मातीच्या बैलांची जोडी पुजतात. जोडी फोडत नाहीत. सण झाला की दोन्ही एकदम पाण्यात सोडतात. म्हणून त्या एकट्याकडं बघवेना.

मग अंगणात मातीकाम. जाणार असाल तर जुना टॉवेल न्या, आणि नाव आधी नोंदवा, गर्दी असते. पुढच्या रविवारी मणी ओवायचे आहेत म्हणे. एक बैल मी केला, एक शरूनं.

"आज्जी, मम्मी कसा करायची?"

मला आठवेना. दर वर्षी करायची पोर, पण सगळे बैल पाण्यात गेले, बघायला एक राहिला नाही. मी म्हटलं, "वशिंड मोठं करायची."

शरूनं पाठीवर डोंगरच उभा केला.

"उंट झाला की गं."

"मम्मीचापण उंटच व्हायचा?"

"व्हय," मी म्हटलं.

निघताना दोन्ही बैल फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवले. तिनं स्वतःचा काढून माझ्या हातात दिला. म्हटलं, "जोडी फोडू न्हाय बाळा, दोन्ही ने."

"फोडत न्हाय. तुझा माझ्याकडं, माझा तुझ्याकडं. मग मला यावंच लागतंय की."

आता ती गेली. फोनवर बोललं की अक्षरं उमटतात, हे तिनंच शिकवलं, म्हणून हे लिहिणं. तिचा फोन आधी रोज यायचा, आता रविवारी येतो. शाळा आहे, नवं घर आहे, व्हायचंच तसं.

बेंदराला शेजारीण म्हणाली, "एकटा बैल पुजतंय व्हय कोण? कुंभाराकडनं दुसरा आण की." मी आणला नाही. पाटावर उंटाच्या वशिंडाचा तो बैल ठेवला, कुंकू लावलं, आणि शेजारी एका बैलापुरती जागा सोडली. संध्याकाळी गावानं जोड्या पाण्यात सोडल्या. माझा फळीवर आहे. पायाला चीर पडली आहे, हात लावायला भीती वाटते.