सुनेचा प्रोसेसर

माझी सून केनवडहून रोज जीपने रिसोडला जायची. तिथे एका दुकानात ती लग्नपत्रिका आणि बॅनर कॉम्प्युटरवर तयार करायची. मालक म्हणाला, घरी बसून केलंस तरी चालेल, फक्त मशीन तुझी पाहिजे. म्हणून मी, मुलगा आणि सून कॉम्प्युटर घ्यायला गेलो. पैसे माझ्या भाजीचे होते. शिवाय सून घरी राहिली तर सकाळी मेथी खुडायला आणखी दोन हात मिळतील, असं माझ्या मनात होतं.

दुकानदाराने काउंटरवर दोन प्रोसेसर ठेवले. कॉम्प्युटरचं सगळं डोकं त्या बिस्किटाएवढ्या तुकड्यात असतं म्हणे. एक दमदार होता, स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय त्याच्या आतच. दुसरा हलका, त्याच्यासोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायचं. खर्च सारखाच. कार्डावर गेम चांगले चालतात हे ऐकून मुलगा पुढे सरकला.

"हाच द्या भाऊ."

"मोठा बॅनर उघडला तर हा अडकन का?" सुनेने मागून विचारलं.

"थोडा अडकन," दुकानदार मुलाकडे पाहून म्हणाला. आमच्याकडे नवरा सोबत असला की दुकानदार बाईशी बोलत नाही. साडीच्या दुकानातसुद्धा.

तिने पुन्हा विचारलं, "लाइन गेल्यावर घरच्या लहान इन्व्हर्टरवर कोणता चालन?"

"कार्डवाल्याले लाइट जास्त लागते भाऊ. बंद पडन." हेही मुलालाच.

मला कंटाळा आला. "त्याले काय सांगून राह्यला? काम इले करा लागते. इच्याकडं पाहून बोल."

"माय, मंग मी काय खेयू?" मुलगा म्हणाला.

"तुले दोन लेकरं हायेत. त्याइच्यासंग खेय."

दुकानदार हसला आणि पहिल्यांदा सुनेकडे वळला. "वहिनी, मंग आतल्या सोयीचाच घ्या. रॅमच्या दोन पट्ट्या टाकून देतो. त्याच्यानं हलके गेमही चालतीन."

सून पुढे आली आणि तिने तोच घेतला.

आता लाइन गेली तरी तिची स्क्रीन चालू असते. तिची रोजची जीप बंद झाली. मुलगा संध्याकाळी क्रिकेटचा गेम खेळतो. चित्र बारीक ठेवावं लागतं म्हणून कुरकुरतो, पण खेळतो.

लग्नसराई लागली. लोक पहाटेच तिच्या मोबाइलवर मजकूर पाठवू लागले. मी टोपलं घेऊन दारात उभी राहिले.

"येतं का व मेथी खुडाले?"

"आत्याबाई, ही पत्रिका आत्ताच द्याची हाय. तुमी व्हा पुढं." मान वर न करता ती म्हणाली.

मी पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलाला उठवते. तो येतो. जुड्या सैल बांधतो, त्या मला पुन्हा बांधाव्या लागतात.