सरोजिनीबाईंची हद्दपारी

हिगाशी-कसाईतल्या आम्हा मराठी बायकांत सरोजिनीबाई वयाने मोठ्या आणि आवाजानेही. साताऱ्यात बावीस वर्षं इतिहास शिकवला, मग नवऱ्याला, प्रल्हादरावांना, कंपनीने टोकियोला पाठवलं म्हणून नोकरी सोडून आल्या. आता आठवड्यातले चार दिवस डबे भरायच्या कारखान्यात भातावर एक खारवलेलं लाल फळ ठेवतात. एकच, आणि बरोब्बर मधोमध. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, डॉक्टरकडे प्रल्हादराव जपानीत बोलतात आणि बाई शेजारी बसून मान हलवतात. गप्प बसलेल्या सरोजिनीबाई मला तरी बघवत नाहीत.

शनिवारी दुपारी मात्र त्या पुन्हा बाई होतात. कम्युनिटी हॉलच्या दोन नंबरच्या खोलीत आमच्या सतरा पोरांना जगाचा प्राचीन इतिहास मराठीतून शिकवतात. त्यात माझी दहा वर्षांची नुपूर आहे, जिला मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते. दारातले बूट रांगेत लावायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोरांना राजे मेलेले फार आवडतात. बृहद्रथ मौर्याला त्याच्याच सेनापतीने भर सैन्यासमोर मारलं, तेव्हा टाळ्या पडल्या. रोममध्ये एका वर्षात चार सम्राट झाले, तेव्हा साई बाकावर उभा राहून नाचला. या दंग्यापायी हॉलचे व्यवस्थापक कोंदो-सान दोनदा येऊन गेले होते. खोली प्रल्हादरावांच्या नावावर, कारण अर्ज त्यांनी भरलेला. नियम असा, की जबाबदार व्यक्ती पूर्ण वेळ खोलीत हवी. प्रल्हादराव तर शनिवारी दुपारी ढाराढूर झोपलेले असतात. "तिसऱ्यांदा असं आढळलं तर खोली मिळणार नाही," कोंदो-सान कमरेत वाकून म्हणाले होते. हे वाकून धमकावणं मला अजून पचलेलं नाही. आसपासच्या बाकीच्या खोल्या जपानी आजीबाईंनी हुला नाचासाठी वर्षभर अडवलेल्या. ही गेली की वर्ग संपला.

त्या शनिवारी अथेन्सची पाळी होती. तिथले लोक डोईजड झालेल्या पुढाऱ्याचं नाव खापराच्या तुकड्यावर लिहीत आणि ज्याला जास्त मतं, त्याला दहा वर्षं गावाबाहेर धाडत. "गुन्हा लागत नाही हं," बाई म्हणाल्या. "फार ताकदवान झालास, एवढं पुरे." मग त्यांनी पिशवीतून खरी खापरं काढली. त्यासाठी बाल्कनीतल्या दोन कुंड्या फोडल्या होत्या आणि पोरांचे हात कापू नयेत म्हणून एकेक कड सँडपेपरने घासली होती.

"या खोलीत सगळ्यांत ताकदवान कोण? लिहा!"

त्यांना वाटलं, अनिशचं नाव येणार. वर्गातली सगळी खोडरबरं त्याच्याच ताब्यात असतात. मोजणी झाली. अनिशला दोन, कोंदो-सानना एक, बाईंना चौदा.

बाईंचा चेहरा पडला. मला पोरांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला.

"बाई, दहा वर्षं," साई म्हणाला.

"दहा मिनिटं चालतील," अनिशने उदार मनाने सूट दिली. "वर्ग दोन तासांचाच आहे ना."

नियम स्वतःच शिकवलेला, करतात काय! बाई बाहेर येऊन माझ्याजवळ बुटांपाशी उभ्या राहिल्या. "कारखान्यात मला कुणी विचारत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "आता इथूनही काढलं."

आत सहा मिनिटांत तीन राजे झाले. अनिशने गृहपाठ रद्द केला, तरी त्याला टेबलाखाली ढकलण्यात आलं. दुसऱ्याने टेबलाखालच्या अनिशला मंत्री केलं आणि तोही पडला. तिसरा साई. त्याचा जयजयकार चालू असतानाच कोंदो-सान हातात अर्ज घेऊन जिना चढून आले. बाईंना ओलांडून थेट दारात गेले.

"जबाबदार व्यक्ती कोण? प्रल्हाद-सान कुठे आहेत?" त्यांनी जपानीत विचारलं.

बाईंनी सवयीने नुसती मान हलवली. मला जपानी कळतं, पण बोलता येतं ते भाजी घेण्यापुरतं. झालं, संपला वर्ग, असं मी धरून चालले.

तेवढ्यात माझी नुपूर खुर्चीवर चढून ओरडली, तीही चक्क मराठीत, "पर्शियन आले! पर्शियन आले की हद्दपार माणसांना परत बोलवायचं असतं! बाई, आत या!"

पर्शियन सैन्य चालून आलं तेव्हा अथेन्सने खरंच तसं केलं होतं. बाईंनी तासाच्या सुरुवातीला ते ओझरतं सांगितलं, तेव्हा ही कार्टी खिडकीबाहेर बघत होती. सगळी पोरं धावली आणि बाईंना हाताला धरून आत घेऊन गेली. कोंदो-सान बघतच राहिले.

"या आमच्या जबाबदार," नुपूरने त्यांना जपानीत समजावलं. "आम्हीच यांना बाहेर काढलं होतं. कारण इथे सगळ्यांत ताकदवान याच आहेत."

कोंदो-सान खापरं न्याहाळू लागले. त्यांत एकावर जपानी अक्षरांत त्यांचंच नाव होतं.

"एकच मत?" त्यांनी विचारलं. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग त्यांनी खिशातून पट्टी काढली, प्रल्हादरावांच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि पेन बाईंपुढे धरलं. कारखान्याच्या बिल्ल्यावर असतं तसं जपानी अक्षरांत बाईंनी आपलं नाव लिहिलं. माझे डोळे भरून आले, उगाच नाकारत नाही.

उरलेली खापरं पोचवायला मी त्यांच्याबरोबर घरी गेले. प्रल्हादराव नुकतेच उठून सोफ्यावर जांभया देत होते.

"काय झालं गं? एवढी लाल का झालीस?"

"अहो, मला हद्दपार केलं!" बाई चपला काढायच्या आधीच म्हणाल्या. "सतरापैकी चौदा मतांनी!"