जरा जोरदार लिहिलेली तक्रार

पोलिसांतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. दिल्लीच्या मयूर विहारमधलं पाटल्यांचं प्रकरण मात्र स्पष्ट आठवतं, कारण त्यात चूक माझी होती.

तक्रारदार एकट्या राहणाऱ्या निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांच्या सोन्याच्या पाटल्या सापडत नव्हत्या. अर्ज टाइप करून आणलेला, शुद्ध हिंदीत, वेळेसकट: मंगळवारी साडेअकराला कामवाली घाईघाईने बेडरूममधून बाहेर पडली, ओढणीखाली काहीतरी लपवलेलं होतं. अर्ज आला की आधी तक्रारदाराला तोंडी विचारायचं, मग अर्ज वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची, अशी आमची पद्धत. अर्ज इतका नीटनेटका होता की मी पहिली दोन्ही कामं गाळली.

शिवाय कामवालीला ठाण्यात बोलावलं. महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे मला ठाऊक होतं. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून एकच सांगत होती, मंगळवारी मी कामावर गेलेच नव्हते. दरम्यान बाईंनी तोच अर्ज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गार्डचा फोन आला. गेटचं रजिस्टर बघा, एवढंच म्हणाला. मंगळवारी तिची नोंद नव्हती.

मी बाईंच्या घरी गेलो. वहीत तीन रकाने आखले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. मराठीत विचारत गेलो. अर्ध्या तासाने पहिला रकाना कोराच होता.

"मग तिला घाईघाईने बाहेर पडताना कुणी पाहिलं, बाई?"

त्यांनी फोन पुढे केला. अर्ज चॅटबॉटने लिहिला होता. पाटल्या नाहीत आणि घरात कामवाली येते, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं होतं. पहिला मसुदा साधा आणि खरा होता. त्याखाली बाईंची सूचना: जरा जोरदार लिही, पोलीस लक्ष देत नाहीत. मंगळवार, साडेअकरा आणि ओढणी त्यानंतरच्या मसुद्यात आली होती.

"नंतर वाचलं नाहीत?"

"वाचलं ना, साहेब. इतकं व्यवस्थित लिहिलं होतं, मला वाटलं असंच झालं असणार."

त्यांना काय बोलणार? मलाही तसंच वाटलं होतं.

अर्ज निकाली काढला. थंडी पडल्यावर पाटल्या रजईच्या खोळीत सापडल्या. गावी जाताना बाईंनीच ठेवल्या होत्या. मी कामवालीला कळवायला गेलो, तोवर तिची चारही घरची कामं सुटली होती.

"साहब, काग़ज़ पे लिखवा दो कि मैंने नहीं लिया," ती म्हणाली. "वैसा ही बढ़िया, जैसा मैडम ने लिखवाया था."

मी चार ओळी लिहून शिक्का मारून दिल्या. त्यावर एका घरचं काम परत मिळालं. बाकीच्यांना पोलिसांत नाव गेलेली बाई नको होती.

आजही शेजारीपाजारी विचारतात, अर्ज चॅटबॉटकडून लिहून घ्यावा का? मी म्हणतो, जरूर घ्या, भाषा तो चांगली करतो. पण तो तुमच्या घरात नव्हता. जे त्याला सांगितलं नाही, ते तो अंदाजाने भरतो आणि तेही तितक्याच ठामपणे. ते विचारून घ्यायला ठाण्यात एक माणूस बसवलेला असतो. त्या दिवशी तो माणूस मी होतो, आणि मी विचारलं नाही.