मंडळाने मंजूर केलेली बरोबरी

आमच्या गिरगावातल्या चाळीचं मंडळ आणि डिलाईल रोडवरचं भावोजींचं मंडळ यांच्यात बुद्धिबळाचा सामना ठरला. पूर्वी लोक पोस्टकार्डावर खेळायचे ना, तसा. फक्त कार्डाऐवजी व्हॉट्सॲप, दिवसाला एक चाल. त्यांच्याकडून भावोजी, आमच्याकडून मी. ताईचं लग्न झाल्यापासून हा गृहस्थ मला प्रत्येक डावात हरवत आलाय, आणि वर ताईलाच सांगतो, "तुझ्या भावाक कॅरम शिकव." एकदा, फक्त एकदाच मला त्यांना हरवायचं होतं.

ओपनिंग मी ठरवूनच ठेवलं होतं: किंग्ज गॅम्बिट. राजासमोरचं प्यादं पुढे, मग लगेच शेजारचं प्यादं फुकट देऊन हल्ला चढवायचा. पण आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, चाल मंडळाच्या नावाने जाणार, म्हणजे बैठकीत मंजूर होऊनच जाणार. तिथे मी गॅम्बिट समजावला आणि गहजब झाला! "दुसऱ्याच चालीला आपलं प्यादं त्यांच्या घशात? कोणाच्या परवानगीने?" घोडा कसा चालतो हे ज्यांना ठाऊक नाही, ते हात वर करून बसलेले. शेवटी घोडे बाहेर काढायचं ठरलं, कारण ते दिसायला बरे दिसतात. भावोजींनीही आपले काढले. पुस्तकात याला फोर नाइट्स म्हणतात, आणि त्यातून निकाल क्वचितच लागतो.

पुढे रोज तेच. अदलाबदल तेवढी झटक्यात मंजूर व्हायची. उंटाला उंट, वजिराला वजीर, कुणाची तक्रार नको! माझं डोकं फिरायची वेळ आली.

आणि तरीही, देवाची कृपा म्हणा, भावोजी चुकले. आता मी माझा हत्ती दिला की तीन चालींत मात! मी बैठकीत ओरडूनच सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "अरे, आता कशाला? सकाळीच त्यांच्या अध्यक्षांशी बोलणं झालं. बरोबरी करून टाकली. उगाच संबंध कशाला बिघडवायचे?" टाळ्या पडल्या, पेढे आले. नाक्यावर बॅनरही लागला, 'ऐतिहासिक बरोबरी', आणि वर दोन्ही अध्यक्षांचे हसरे फोटो. अस्सा संताप आला होता!

रविवारी तडक ताईकडे गेलो. भावोजींनी पट मांडून ठेवला होता, तोच डाव, तिथेच थांबलेला. म्हणाले, "ठेव तुझो हत्ती."

ठेवला. भावोजींनी बोटाने तिन्ही चाली मोजून पाहिल्या. मग त्यांनी आपला राजा आडवा केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, तुझ्या भावान माका हरवल्यान!"

ताई पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली.