साडूंचा प्रशांत महासागर

प्रशांत महासागरावर आमच्या साडूंइतका हक्क सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि या गृहस्थांनी समुद्र पाहिलाय तो जन्मात एकदा, अलिबागला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. उभी हयात चितेगावच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. एकदा शहागंजात रद्दीवाल्याकडे त्या महासागरातल्या बेटांच्या भाषांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि माणूस कामातून गेला. त्यांच्या घरी जेवायला बसलं, की कितीतरी बेटांवर हाताला आणि पाचाला एकच शब्द आहे, लिमा, हे ऐकल्याशिवाय ताटात भाकरी पडत नाही. माओरी लोक माणसाला तांगाता म्हणतात, हवाईत त्याचाच कानाका होतो, आणि 'त'चा 'क' काही एका शब्दापुरता नाही, भाषाभर शिस्तीत झालाय, हे सांगताना त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलतो. वेरूळला तर त्यांनी कैलास लेण्याकडे पाठ करून न्यूझीलंडच्या एका पर्यटकाला गाठलं. त्या बिचाऱ्याला माओरीत दोनपर्यंतही मोजता येईना, तेव्हा यांनी त्याला दहापर्यंत शिकवून मगच सोडलं. याचा उपयोग काय, असं विचारलं की ते विचारणाऱ्यालाच विचारतात, "तुमच्या क्रिकेटचा काय उपयोग हाय?"

त्यांचं तत्त्व एकच. भाषा बिघडत नाही, बदलते. एरवी बायकोपुढे चकार शब्द न काढणारा हा माणूस या एका गोष्टीसाठी कुणाशीही भांडतो, आणि मला ते मनापासून आवडतं.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला होती. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं आणि मुलाकडची मंडळी घरी आली. मीही होतो. पोहे झाले, हसणंखिदळणं झालं, आणि मुलाची आई कौतुकानंच म्हणाली, की मुलगी गोड आहे, आता भाषाही बरीच सुधारलीय. साडू बशी खाली ठेवून उभे राहिले. मेहुणीनं डोळे वटारले, मी त्यांचा सदरा ओढला, पण गडी थेट हवाईला पोचला होता. तिथं 'त'चा 'क' झाला म्हणून कुणी तिथल्या लोकांना अडाणी म्हणत नाही, मग आमच्या 'लई'नं कुणाचं काय घोडं मारलंय, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. मुलाचे वडील घड्याळ बघायला लागले. सोयरीक मोडलीच, असं मी धरून चाललो.

तेव्हा मुलगी आतून आली. आवाज न चढवता म्हणाली, "अण्णा, मी सुधारलेही नाही आणि बिघडलेही नाही. मी तिथे राहते, म्हणून तशी बोलते. आणि मला याच्याशीच लग्न करायचं आहे."

साडू खाली बसले. त्यांचंच तत्त्व, त्यांच्याच लेकीनं, पुण्याच्या मराठीत त्यांना ऐकवलं होतं.

लग्न थाटात झालं. आता ती फोनवर 'लई'च्या जागी 'खूप' म्हणते, 'नाय'च्या जागी 'नाही' म्हणते. गावाकडच्या चुलत्या तिला 'पुणेरी मॅडम' म्हणून चिडवतात तेव्हा साडू तिच्या बाजूनं तितक्याच त्वेषानं भांडतात. बेट बदललं की बोली बदलणारच, यात हसण्यासारखं काय आहे, असं विचारून सगळ्यांना गप्प करतात.

परवा तिचा फोन झाल्यावर ते फोन हातातच धरून बसले. मी हळूच म्हटलं, की तुम्हीही आता थोडं तिच्यासारखं बोलत चला, जावयाला बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच चष्मा पुसत बसलो.

"पाव्हणं, होड्या घेऊन दुसऱ्या बेटावर गेली त्या माणसांची बोली बदलली, ते पुस्तकात लिहिलेलं हाय," ते म्हणाले. "काठावर ऱ्हायलेल्या बापानं काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नाय. म्हणून माझं मी ठरवलं. तिनं कवाबी फोन लावला, तर हिकडून तिला तिचं घर ऐकू आलं पायजे. सगळं जग बदलू द्या. मी नाय बदलणार."