झोप लागली तर इमारत चांगली

आमच्या साडूभाऊंइतका भिंतींवर राग असलेला माणूस सबंध मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि दैव असं की पोटासाठी त्यांना जन्मभर भिंतीच उभ्या कराव्या लागल्या. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पेशानं आर्किटेक्ट. घर म्हणजे आधी हवा, मग सावली, आणि ही दोन्ही जमल्यावर जागा उरलीच तर भिंत, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी उदबत्ती मागायचे. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते पेटती उदबत्ती घेऊन खोलीखोलीतून हिंडले, तेव्हा माझ्या आईनं भक्तिभावानं हात जोडले. बेडरूममध्ये धूर सरळ वर गेला आणि छताशी जाऊन थांबला. "इथं हवा मेलेली आहे," साडूभाऊंनी भर पाहुण्यांत जाहीर केलं. झालं! हिनं पुढं कितीतरी दिवस बहिणीशी अबोला धरला. आता मे महिन्यात त्या खोलीत घामाघूम होऊन कूस बदलताना मला ते वाक्य रोज आठवतं, पण बोलून दाखवायची माझी छाती नाही.

लोक सुटीत देवदर्शनाला जातात, साडूभाऊ आम्हाला इमारतदर्शनाला न्यायचे. चंदीगडला काँक्रीटच्या एका प्रचंड छपराखाली उभं करून त्यांनी आम्हाला तासभर नुसती सावली बघायला लावली. अहमदाबादला विटांच्या एका कॉलेजात भिंतींना ही एवढाली गोल भोकं ठेवलेली होती. मला वाटलं, बांधकाम अर्धवट राहिलंय. "अहो, ऊन बाहेरच्या भिंतीनं सोसायचं आणि माणूस आतल्या भिंतीमागं ठेवायचा, ही खरी गंमत! आणि वीट कशी उघडी ठेवलीय बघा, लपवाछपवी नाही," असं म्हणत त्यांनी त्या भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटून घेतले. रखवालदार धावत आला. "माझी कधी इतक्या मायेनं विचारपूस केली नाही हो या माणसानं," त्यांच्या सौ., आमच्या ताई, मला म्हणाल्या. परत आल्यावर स्वारी आम्हाला पाणचक्कीच्या हौदाखालच्या गार दालनात घेऊन गेली. "हे आपल्याच गावात होतं, आणि आपण काचा बसवत सुटलोय!" असं म्हणताना त्यांचा आवाज इतका चढला की तिथं निवांत बसलेली म्हातारी माणसं उठून बाहेर गेली.

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण त्यांच्या मनाला एक गोष्ट फार लागलेली होती. त्यांनी काढलं तसं त्यांचं एकही काम उभं राहिलं नव्हतं. गंगापूरच्या एका ऊसवाल्या पाटलांनी मधल्या चौकावर पत्रा टाकला. शहरातल्या एका डॉक्टरांनी विटांच्या जाळीला आतून प्लायवूड ठोकून एसी लावला. स्वतःच्या इमारतीवरून जाताना साडूभाऊ स्कूटर चालवता चालवता मान दुसरीकडं वळवायचे, आणि मागं बसलेला मी जीव मुठीत धरायचो. "एक, फक्त एक काम माझ्या मनासारखं राहू दे," ते म्हणायचे. ऐकून वाईट वाटायचं.

अशात बजाजनगरच्या कामगारांच्या एका सोसायटीनं सभागृह बांधायचं काढलं. अध्यक्ष मूळचे फुलंब्रीकडचे, कारखान्यात पाळीनं काम करणारे. "साहेब, समोरून निळी काच पायजे. रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून पाह्यलं पायजे," ते म्हणाले.

"रातपाळीवाले दुपारी कुठं झोपतात?" साडूभाऊंनी विचारलं.

"पत्र्याच्या खोल्यात. झोपतेत कुठं, नुसते भाजून निघतेत."

बस्स! साडूभाऊंना त्यांची इमारत तिथंच सापडली. दुहेरी विटांची जाड भिंत, वर जाळी, जमीन चार पायऱ्या खाली आणि शेजारी कडुलिंबाच्या झाडासकट चौक. नकाशा बघून समिती खवळली. "ही तर वीटभट्टी दिसायली! लोक हसतील आम्हाला." साडूभाऊ हट्टाला पेटले. "आधी एकच कोपरा बांधतो. मे महिन्यात भर दुपारी तिथं मीटिंग घ्या. नाही पटलं तर निळी काच लावा आणि माझं नाव काढून टाका."

त्या मीटिंगला मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. बाहेर डांबर वितळत होतं. आत सतरंज्यांवर कडाक्याचं भांडण सुरू झालं. थोड्या वेळानं एक सदस्य भिंतीला टेकला. मग दुसऱ्याची मान कलली. शेवटी विटांच्या विरोधात तावातावानं बोलणारे अध्यक्ष "आपल्याला मॉडर्न..." इतकं म्हणून वाक्याच्या मधोमध घोरायला लागले. मी त्यांना हलवायला उठलो, तर साडूभाऊंनी माझा हात गच्च धरला. "खबरदार! झोपू द्या." त्यांचे डोळे भरून आले होते. ठराव काही त्या दिवशी झाला नाही, कारण हात वर करायला कुणी जागंच नव्हतं. पण सभागृह मात्र काढलं तसंच झालं, एका विटेलाही धक्का न लागता.

मध्ये वर्षं गेली. साडूभाऊंचे गुडघे गेले, काम सुटलं. परवा ते म्हणाले, "एकदा बजाजनगरला चला." पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. आत पाऊल टाकलं आणि बघतो तर काय, चौकाकडची भिंत फोडून तिथं एक ठेंगणी, रुंद खिडकी केलेली होती! आम्हाला घ्यायला आलेल्या त्याच जुन्या अध्यक्षांचा चेहरा उतरला. "बायांचा शिवणवर्ग चालतो, साहेब. जमीन खाली, म्हणून बसल्यावर चौकातली लेकरं दिसायची नाय. त्यांचा जीव राह्यना. माफ करा, तुम्हाला इचारायला पायजे व्हतं."

मी साडूभाऊंकडं बघायचं टाळलं. एवढं एकच काम धड राहिलं होतं बिचाऱ्यांचं. ते हळूहळू खिडकीपाशी गेले, फोडलेल्या कडेवरून हात फिरवला आणि त्या जाड भिंतीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर अंग सावरून बसले. बाहेर लिंबाखाली पोरांचा गलका चालला होता. ते वाकून बाहेर बघायला लागले. "मी आल्या-गेल्या हवेचा विचार केला हो," ते म्हणाले, "आईनं बघायचं कुठून, याचा नाही केला."

तेवढ्यात हातशिलाईचं काम घेऊन एक बाई आली. हे कोण, तिला काय ठाऊक! "बाबा, सरका की जरा. माझी बसायची जागा हाय ती."

"व्हय व्हय, बस माय," साडूभाऊ म्हणाले, आणि लगबगीनं सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.